तारामतीबाईंच्या गाडीची ओढ

आदरणीय अध्यक्षा पंचशीलाताई, व्यासपीठावरचे मान्यवर, गुरुजन, वसतिगृहातल्या मुली, आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या अधीक्षिका तारामतीबाई,

हे भाषण लिहायचं मी आज सकाळपर्यंत टाळत आलो. कागद घेऊन बसलो की उठून स्टँडवर चहाला जायचो. मी बालाजी, बाईंची गाडी चालवतो. शाळा अर्ध्यात सोडली, औशाहून निघालो, फिरत फिरत किनवटला आलो अन् इथंच अडकलो. पण टाळायचं कारण ते नाही. जे घडलं ते सांगावं का, हेच ठरत नव्हतं. मघाशी बाईंनी होकाराची मान हलवली, म्हणून सांगतो.

बाईंचे यजमान रामकिशन सर. जुन्यांना आठवत असेल, एका दुपारी त्यांनी जंगलाच्या फाट्यावर गाडी लावली, आत चालत गेले, ते आलेच नाहीत. गाडी तेवढी मिळाली.

ती गाडी कुणाला माहीत नाही? ड्रायव्हरचं दार आधी वर उचलावं लागतं, मग उघडतं. सरांनंतर ही युक्ती बाईंना अन् मलाच जमते. एका पाहुण्यांनी तर ओढून ओढून हँडल मोडायची वेळ आणली होती. असो, कुठं चाललो मी.

तर ही गाडी डावीकडं ओढायची. फाट्यावर जरा जास्तच. बाई दुरुस्त करू देत नव्हत्या. निवृत्ती आली तेव्हा म्हणाल्या, "बालाजी, बदलून घे काय ते. फाट्यावरून सरळ गेली, तर मी रेणापूरला माहेरी जाते. न्हाई गेली, तर इथंच खोली बघते."

नांदेडला गॅरेजवाल्या आसिफभाईंनी गाडी वर घेतली, चाक धरून हलवलं. "बुश खाल्लेत सगळे. लोखंडाला लोखंड घासू नये म्हणून मधी रबर असतं, ते राहिलंच न्हाई. स्टेअरिंगचं बी तेच. म्हणून ओढ हाय."

"ओढ रबराची असती व्हय?" बाईंनी विचारलं.

"अन् कशाची असंल, बाईसाब?"

जुने बुश ठोकून काढले, नवे दाबून बसवले, अलाइनमेंट केली. काल आसिफभाई स्वतः ट्रायलला सोबत आले. फाटा आला. मी हात सोडले. गाडी सुतासारखी सरळ गेली. मागून बाई म्हणाल्या, "चला. सुटले."

परतताना फाटा उजव्या हाताला येतो. मी पुन्हा हात सोडले. स्टेअरिंग आपलं आपण उजवीकडं फिरलं, हळू, घराकडं वळावं तसं. गाडी फाट्यात शिरली अन् बंद पडली. आसिफभाईंनी उतरून चाकं पाहिली. "नवं रबर हाय. बसायला टाइम घेतं," म्हणाले, पण आमच्याकडं बघेनात.

बाई म्हणाल्या, "व्हय. बसू द्या."

आता सामान गाडीत भरलंय. जायचं का राहायचं, बाईंनी अजून सांगितलेलं नाही. म्हणजे हा निरोप आहे का, हे आपल्यापैकी कुणाला ठाऊक आहे? हार गुंफणाऱ्या मुलींचे, मला माइक देणाऱ्या ताईंचे आभार. बोलण्यात भरकटलो, एखादा शब्द लागला, तर आपला समजून पोटात घाला.

थांबा. आसिफभाई दारातून काही सांगून राहिलेत.

बाई, अंगणात कुणी म्हातारे गृहस्थ आलेत म्हणे. कुणाला काही विचारलं नाही. गाडीचं दार वर उचलून उघडलं, अन् स्टेअरिंगवर बसून राहिलेत.