पाचव्या लाटेतला पांढरा दगड

नाव: डिओलिंदा फाल्कातो. वय: ६९ वर्षे. धंदा: पूर्वी लाँड्रीत इस्त्रीकाम, आता घरकाम. राहणार: ग्रासा टेकडी, लिस्बन.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती हर्मिनियो (वय ७४) यांच्यासह राहते. त्यांनी चाळीस वर्षे शहराच्या रस्त्यांवर काळ्या-पांढऱ्या दगडांची नक्षी बसवण्याचे काम केले. त्यांना काचबिंदू आहे. नजर कडांकडून मिटत आली असून नळीतून पाहावे तसे समोरचे तेवढे दिसते. नाताळपर्यंत तेही जाईल, असे डॉक्टर म्हणाले. म्हणून जे बघायचे ते आजच बघून घेऊ, असे मीच ठरवले.

आज नोव्हेंबरचा पहिला रविवार. सकाळी दहाला आम्ही राजांच्या रथांचे संग्रहालय पाहिले. सोन्याने मढवलेले, घराएवढे रथ. मी आ वासून पाहत राहिले. पती फरशी बघत होते. मी म्हणाले, "अरे बाबा, रथ वर आहे!" ते म्हणाले, "सांधे बघ, केस शिरणार नाही." पुढे मठात गेलो. तिथले कोरीव खांब पाहून माझ्या अंगावर काटा आला. हे तिथेही फरशीच बघत, गुडघ्यावर. लोकांना वाटले, प्रार्थना चालली आहे.

दुपारी नदीकाठी बाकावर बसून कॉड माशाचे वडे आणि लोणी-पाव खाल्ला. अडीच वाजता लिफ्टने तिथल्याच स्मारकाच्या मनोऱ्यावर गेलो. खालच्या चौकातल्या काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा बत्तीस वर्षांपूर्वी यांनीच बसवल्या, वीत-वीत पुढे सरकत. वरून त्या त्यांनी कधीच पाहिल्या नव्हत्या. मीही नाही, मी फक्त त्यांच्या पँटचे गुडघे घासून धुतले.

कठड्यावरून खाली पाहिले. अख्खा चौक हलत होता. काळी लाट, पांढरी लाट, थेट नदीपर्यंत. एवढ्या उंचीवरून तो सगळा त्यांच्या नजरेत मावला. "हे मी केलं?" त्यांनी विचारले. "नाही, पोपने केलं," मी म्हणाले. मला रडू आवरत नव्हते.

मग ते म्हणाले, "पाचव्या काळ्या लाटेत एक पांढरा दगड आहे. नक्षीचा लाकडी साचा सरकवताना माझ्याच हातून अदलाबदल झाली, त्याच्या जागचा काळा शेजारच्या पांढऱ्या लाटेत गेला." मी म्हणाले, "बत्तीस वर्षांत कुणाला दिसला का?" ते म्हणाले, "तुला दिसला ना आता?" मला दिसला होता.

खाली येऊन त्यांनी अकरा दगड उपसले, हे खरे आहे. शेजारचे सैल केल्याशिवाय चुकलेले दोन निघत नाहीत. पहारेकऱ्याच्या तक्रारीत ज्याला हत्यार म्हटले आहे, तो आमचा पाव कापायचा चाकू असून त्याला अजून लोणी लागलेले आहे. दगड परत बसवणार तोच पहारेकऱ्याने हात धरला. "स्मारकाची नासधूस करता, आजोबा?" पती म्हणाले, "पोरा, नासधूस तेव्हा केली. आता निस्तरतोय."

दगड पुरावा म्हणून आपल्या टेबलावर आहेत. उद्या खड्डा सिमेंटने बुजवतील, असे आपण सांगता. खटला खुशाल भरा. पण दगड आणि माझा माणूस आजच चौकात न्या, त्यांना ते बसवू द्या, हवा तर शिपाई शेजारी उभा करा.

जबाब वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. लिफ्टची वेळ अडीच नव्हे, पावणेतीन होती. ती चूक तशीच राहू द्या, खोडाखोडीत वेळ जाईल. सही करते. उजेड तासाभराचाच उरला आहे.