ईराचा जादा तास

वाईट बातमी कुणी तुम्हाला अभिनंदनासकट दिली आहे का? मला दिली आहे. आमची ईरा नववीत आहे. अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे स्थिर राहत नाहीत, वाचायला वेळ लागतो. डॉक्टरांचं सर्टिफिकेट नेऊन, शाळेशी भांडभांड भांडून मी तिला परीक्षेत तासभर जादा मिळवून दिला. दुसऱ्या पेपरला तिला आणायला मल्लेश्वरमच्या तिच्या शाळेत गेले, तर फाटकातच तिच्या बाई हसत पुढे आल्या.

"काँग्रॅच्युलेशन्स मॅडम! आज ईराने जादा वेळ घेतलाच नाही. सगळ्यांबरोबरच उठली!"

रिक्षात मी विचारलं, "सोपा होता का गं पेपर?"

"नाही. बरेच प्रश्न राहिले."

"मग बसली का नाहीस? तो तास तुझा होता."

ती बाहेर बघतच म्हणाली, "आई, परवा पहिल्या पेपरला सगळे गेल्यावर वर्गात मी आणि बाई दोघीच होतो. त्या रागावल्या नाहीत गं. फक्त घड्याळ बघून सारख्या कानडीत विचारायच्या, 'मुगीता?' झालं का, झालं का? माझा सगळा तास 'अजून नाही' म्हणण्यात गेला."