आईच्या पातळाचे लंगोट

सुरतेत राहून आम्हाला बाळाच्या लंगोटांना कापड मिळेना, बोला. मी पांडेसऱ्याच्या साडीच्या मिलमध्ये, घरात तुकड्यांचा ढीग, पण सगळं पॉलिस्टर. काही शोषतच नाही, सगळं ओघळून गादीवर. बायको म्हणाली, "जुनं, मऊ सुती पाहिजे."

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, पेटीतून आईचं पातळ काढलं. आई जाऊन वर्ष झालं होतं.

मी म्हणालो, "तिचं एवढं एकच उरलंय."

"तिनंही हेच केलं असतं," म्हणत त्यांनी ते फाडलं.

आता रोज संध्याकाळी दोरीवरचे लंगोट अण्णाच काढतात आणि एकेक नाकाशी धरतात. परवा बायको जरा चिडूनच म्हणाली, "अण्णा, स्वच्छ धुतलेत मी."

"हो ना," अण्णा म्हणाले. "कसलाच वास राहिला नाही."