बस मागे घेणारा कप्तान

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या मेर्लेश्तीच्या नगराध्यक्ष माननीय विओरिका दान्चुबाई. फुटबॉल क्लबचे अध्यक्ष माननीय ओक्तावियान घेर्मानसाहेब. ज्यांना आपण सगळे नुसतं ‘मिस्टर’ म्हणतो ते आपले प्रशिक्षक. फादर इलारिओन, ज्यांना आज मॅचचा दिवस असल्यामुळे, पाद्री खेळाडूंना आडवा गेला की अपशकुन होतो म्हणून मागच्या दाराने आत आणावं लागलं, त्याबद्दल समर्थक मंडळ दिलगीर आहे. आजचे सत्कारमूर्ती, सहा नंबरची जर्सी उतरवून ठेवणारे आपले कप्तान रेमुस बाल्टेश. आणि सूर्यफुलाच्या बियांची टरफलं सांस्कृतिक भवनाच्या फरशीवर टाकू नका असं दोनदा सांगूनही टाकणाऱ्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो!

समर्थक मंडळातर्फे बोलायला मला उभं केलंय. का केलं, ते मंडळालाच ठाऊक. मी ढोल वाजवणारा माणूस. इंजिनिअरिंगचं कॉलेज दुसऱ्या वर्षात अर्ध्यावर सोडून आलो आणि आता टायरच्या दुकानात काम करतो. मी येत होतो तेव्हा माझी आईच म्हणाली, “तुदोर, जो स्वतः मध्यावरून पळाला, तो मैदानाच्या मध्यावर जन्म काढणाऱ्याबद्दल काय बोलणार रे?” प्रश्न योग्य आहे. पण मला वाटतं, मधे टिकून राहणं किती अवघड असतं हे पळालेल्यालाच जास्त कळतं.

कप्तानांची कारकीर्द तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. खाणीमागच्या राखेच्या मैदानावर ते खेळायला लागले. घोटे काळे करून घरी जायचे आणि आईचा मार खायचे. मग राजधानीतल्या मोठ्या क्लबात गेले. तिथे बाकावरही बसले आणि मैदानातही खेळले. एकदा देशाच्या संघातून बोलावणं आलं. त्या संध्याकाळी सगळं गाव टीव्हीसमोर होतं. तिरंगी पट्ट्याची जर्सी घालून कप्तान रेषेच्या कडेने पळत होते, अंग गरम करत होते. अख्खा उत्तरार्ध पळाले. आत काही कुणी बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी पत्रकाराने विचारलं, “काय वाटतंय?” तर म्हणाले, “अंग छान गरम झालं.” देशासाठी इतकं गरम होऊन इतकं थंड उत्तर देणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही. मी असतो तर बाकडं उचलून फेकलं असतं. असो.

गुडघा दुखावला, ते परत आले, आणि आपल्या सहा नंबरला पुन्हा माणूस मिळाला. आपण त्यांना काय दिलं? नाव दिलं. खेकडा! का, तर चेंडू पुढे मारण्याऐवजी आडवा नाहीतर मागे देतात. माझ्या शेजारी बसणारे एक आजोबा प्रत्येक मॅचला ओरडायचे, “अरे बाल्टेश, पुढे पण मैदान आहे! सगळा कर आम्ही फक्त अर्ध्या मैदानाचा भरतो काय?” एकदा कप्तान थ्रो घ्यायला आमच्या बाजूला आले आणि शांतपणे म्हणाले, “आजोबा, पुढे तिघं उभे आहेत, मागे आपला एक मोकळा आहे. तुम्ही कुणाकडे दिला असता?” आजोबा म्हणाले, “मी? मी वर मारला असता!” सभागृहात हसताहेत, म्हणजे आजोबा आले आहेत.

आता ज्या गोष्टीबद्दल आज सकाळपासून व्यासपीठावर कुणी बोललं नाही, तिच्याबद्दल मी बोलणार आहे. घेर्मानसाहेब, कृपा करून बसा, माझं अजून संपलेलं नाही.

मॅचच्या आधी आपल्या संघाची बस मागे जात नाही. बस मागे गेली की मॅच गेली, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. चुकीचं वळण घेतलं तर अख्ख्या डोंगराला वळसा घालायचा, पण बस मागे घ्यायची नाही. मीसुद्धा हे मानतो. मी तर डाव्या पायाचा मोजा आधी घालतो आणि मग ढोल उचलतो.

गेल्या मोसमातली शेवटची मॅच दुम्ब्रावात होती. जिंकलो तर याच विभागात राहणार, हरलो तर खाली जाणार. मी ढोल घेऊन मागच्या सीटवर होतो, म्हणून हे ऐकीव नाही. नदीवरच्या त्या अरुंद पुलावर आपण अर्ध्यापर्यंत गेलो आणि समोरून रुग्णवाहिका आली. तिच्या मागे लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक येऊन टेकलेला. तिला मागे जायला जागा नाही. आपल्या मागे रस्ता रिकामा.

रुग्णवाहिकेचा माणूस उतरून ओरडायला लागला, “अहो, आत म्हातारी आहे, तिला श्वास घेता येत नाहीये! बस मागे घ्या!”

बसमध्ये कुणी हलेना. मिस्टर म्हणाले, “त्या ट्रकवाल्याला सांगा मागे जायला.” ट्रक चढावर उभा होता, ओंडक्यांनी भरलेला. आपला गोलकीपर बुझोर म्हणाला, “ते लोक बघून घेतील ना काहीतरी. त्यांना कुठे मॅच आहे?”

कप्तान पुढच्या सीटवरून उठले. “त्यांचीच तर मॅच आहे,” म्हणाले. “सांदूकाका, बस मागे घ्या.”

आपले ड्रायव्हर सांदूकाका स्टिअरिंगला मिठी मारून बसले. “कप्तान, माझी बायकापोरं आपल्याच गावात राहतात. मी नाही घेणार.”

“मग उठा.”

“तुला बस चालवता येते?”

“येत नाही. मागे तेवढी घेता येईल. आयुष्यभर तेच केलंय.”

आणि बस मागे गेली मंडळी. अख्खा पूल मागे गेली, आरशात बघत, इंच इंच. रुग्णवाहिका भोंगा वाजवत निघून गेली. बुझोर पूल संपेपर्यंत छातीवर क्रॉसची खूण करत होता.

मॅच आपण हरलो. पाऊस होता, ओला चेंडू बुझोरच्या हातातून निसटला. बुझोर, मान खाली घालू नकोस मित्रा, तसा चेंडू कुणाच्याही हातून निसटला असता. पण गाव काय म्हणालं? गाव म्हणालं, चेंडू बसने सोडला. बेकरीत तेच, न्हाव्याकडे तेच, चर्चच्या पायरीवरही तेच. कप्तान दुकानात शिरले की लोक टोमॅटो निवडण्यात गढून जायचे.

म्हातारी जगली. दुम्ब्रावाची निघाली, म्हणजे बघा नशीब! भाजलेल्या मिरच्या-वांग्याच्या चटणीची, आपल्या झाकुस्काची, बरणी तिने कप्तानांना पाठवली आणि निरोप दिला, “देव तुझं भलं करो बाळा. मॅच मात्र पुढच्या वेळीही आमचीच.” अशा कृतघ्न बाईने केलेला झाकुस्का इतका चविष्ट कसा असतो, हे फादरनी सांगावं.

ही बरणी मी कशी चाखली, असं तिसऱ्या रांगेतून कुणी विचारू नये. तिसऱ्या रांगेत कप्तानांची धाकटी बहीण इलिन्का बसली आहे. ती औषधाच्या दुकानात काम करते. तिच्याकडून डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन घेऊन मला आता खरोखर डोकेदुखी लागली आहे. त्याहून जास्त काही मी या व्यासपीठावरून बोलणार नाही. तिचं मत मला अजून कळलेलं नाही. एवढंच कळलंय, की रविवारी कप्तान फरश्या बसवण्याच्या कामावर स्पेनला चुलतभावाकडे निघालेत, आणि ती म्हणते, “दादा जिथे, तिथे मी.”

आणि का निघालेत? मुलांचा संघ त्यांनी मागितला होता. राखेच्या मैदानावर मुलांना शिकवायचं, एवढंच. क्लबच्या बैठकीत घेर्मानसाहेब म्हणाले, “ज्याने बस मागे घेतली त्याच्या हाती गाव आपली मुलं देणार नाही. लोकांचा विश्वास दाखवा, मी आज सही करतो.” साहेब, हे तुम्ही म्हणालात की नाही? मान हलली. सगळ्यांनी पाहिली.

विश्वास कसा दाखवतात हो? टाळ्या वाजवून? निरोपाला टाळ्या सगळेच वाजवतात. त्यांना निरोप देऊन आपण कुणाला ठेवून घेणार आहोत? मॅचसाठी माणूस पुलावर सोडून जाणारा कुणी? माझं अजून लग्न नाही, मूल नाही. पण उद्या झालं, तर मला ते अशा माणसाच्या हाती द्यायचं आहे, जो पुढे तिघं उभे असताना मागचा मोकळा माणूस बघतो.

म्हणून आज सकाळी सांदूकाकांनी एक गोष्ट केली. मी फक्त त्यांना भिंत दाखवली. आज नव्या मोसमाची पहिली मॅच आहे आणि बस इथूनच निघणार आहे. अंगणात जाऊन बघा, बसचं नाक भिंतीला टेकलेलं आहे. दोन्ही बाजूंना झाडं. पुढे जायला वाट नाही. मिस्टर, तुम्ही उठून खिडकीतून बघताय ते बरोबर आहे, तशीच उभी आहे.

मॅचला जायचं असेल, तर ती मागे घ्यावी लागेल. ज्यांना वाटतं त्या दिवशी पुलावर चूक झाली, त्यांनी पायी जावं, आम्ही रागावणार नाही. ज्यांना वाटतं चूक झाली नाही, त्यांनी बसमध्ये बसावं, आणि बस मागे जाताना आत असावं. घेर्मानसाहेबांनी दाराशी उभं राहून चेहरे बघून घ्यावेत. पेन माझ्याजवळ आहे.

हे बघा, बुझोर उठला. शाब्बास! आजोबा, तुम्ही सावकाश, जागा आहे.

समारंभाला हॉल दिल्याबद्दल नगरपालिकेचे, सकाळपासून कोबीच्या पानांत खिमा-भात गुंडाळून सारमाले करणाऱ्या सगळ्या भगिनींचे, आणि मला इतका वेळ सहन केल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मंडळातर्फे मनापासून आभार. रागाच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नाव पुढे-मागे झालं असेल, तर तो दोष माझ्या जिभेचा समजून पोटात घालावा. खिडकीजवळच्या एका सीटवर मी ढोल ठेवून जागा धरली आहे. तिसऱ्या रांगेतल्या पाहुण्यांनी तो ढोल खुशाल बाजूला सारावा.

आणि कप्तान, तुम्ही उठून ड्रायव्हरच्या सीटकडे जायचं नाही. आज नाही. तुम्ही आमच्याबरोबर मागे बसायचं. सांदूकाका, चावी लावा. आज बस कप्तान नाही, गाव मागे घेणार आहे.