स्वयंपाकी पाहिजे, गाववाल्यांना प्राधान्य

तिथे नको गं बसूस, व्हेरा — ती मुलाखतीची खुर्ची आहे, उमेदवारांची. — काय? तू? उमेदवार? — चेष्टा पुरे! तरी म्हटलं, हा लग्नाकार्याचा कोट कशाला घातलाय बाईनं. पुढच्या दारानं आलीस, वर घंटी वाजवलीस, मला वाटलं गिऱ्हाईकच आलं! अगं, मी नेस्टर, तुझा नवरा, सकाळी तुझ्या हातची कॉफी प्यायलो — मी तुझी मुलाखत घेऊ?

बरं, ऐक. ही जाहिरात खरी नाही. म्हणजे खरी आहे, पण कोणी यावं म्हणून दिलेली नाही. आपल्या स्वयंपाक्याचा, रोडेलिओचा, कामाचा परवाना संपतोय, तर सरकार म्हणतं, आधी आपल्या माणसांना विचारा — कॅनडाचा स्वयंपाकी मिळत असेल तर फिलिपिन्सचा कशाला? विचारलं मी! हायवेवरच्या या खाणावळीत, उणे तीसमध्ये, पहाटे त्या बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, पेरोगी, वळायला कोण तडफडतंय? आणि पगार कमी दाखवला असता ना, तर दहांत एकच परदेशी चालतो — एका रोडेलिओपायी मी नऊ गाववाले कुठून आणू? मागच्या खेपेस आकडा भरायला मेट्रोकाकांना भांडी घासायला ठेवलं, तर त्यांनी एक बशी फोडून राजीनामा दिला, वर निरोप समारंभ मागितला! शिवाय कमी पगाराचा माणूस म्हटला की त्याच्या राहण्याची सोय आपल्याच गळ्यात. म्हणून डोकं लढवलं — पगारच वाढवला! सरकारनं आखलेली रेघ आहे ना, तिच्या वर नेला. रेघेच्या वर गेलं की ना नऊ गाववाले, ना खोली. आता तो माझ्यापेक्षा जास्त कमावणार, उद्या मीच त्याला साहेब म्हणेन, पण माणूस तर टिकेल! — हसतेस काय? एवढा पगार बघून माझ्याच घरातनं अर्ज येईल, हे मला काय स्वप्न पडलं होतं?

आणि तू बसत नाहीस गं यात. अनुभव लागतो. — हो, माहितीये, रोडेलिओ यायच्या आधी इतकी वर्षं तूच सगळं — पण ते वेगळं. तो काय अनुभव झाला? ते आपलं घरचं होतं. तुला कधी पगार दिलाय मी? — नाही ना? मग! मी तर सरकारला लिहूनही दिलंय की रोडेलिओच्या आधी इथे स्वयंपाकीच नव्हता. म्हणजे — तसं नाही गं — स्वयंपाक होत होता, फक्त तो कोण करत होतं, एवढंच लिहिलं नाही. विचारलंच नव्हतं त्यांनी! — तू वाचलंस ते? कधी?

...अशी बघू नकोस. भीती वाटते.

त्या रोडेलिओचा तरी विचार कर. त्याच्या पोरीसाठी तूच स्वेटर विणतेस. लायक गाववाली समोर बसलीये आणि मी नाही म्हटलं, तर त्याचा परवाना गेला. हो म्हटलं, तरी गेला. तो गेलेला चालेल तुला? — नाही ना? मग हवंय काय तुला? — दोन जागा? त्यालाही ठेव नि तुलाही? याच पगारात? अगं, मग मला कोण ठेवणार? — भांडी? मी? या वयात?

बरं. बरं बाई. बसलीच आहेस तर होऊन जाऊ दे रीतसर. नाव, व्हेरा. आडनाव आपलंच. नागरिक — जन्मानं. पेरोगी येतात का — येतात, माझ्या आईपेक्षा चांगल्या. तिच्यासमोर कधी बोललो नाही. तुझ्यासमोरही नाही बोललो, हो, कळलं. कोणी शिफारस करणारं? — मी करतो की. — नको? माझी नको? बरं, राहू दे. पत्ता — पत्ता आपलाच टाकतो. — नाही म्हणून मान काय हलवतेस? — व्हेरा? — अगं, मग कुठला लिहू?