साहेबाचं मनगट

"काका, खेळल्यानं टेन्शन खरंच जातं का?"

चिकलठाण्याच्या बसमध्ये मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून केतकीनं रॅकेटवाल्या अनोळखी काकांना विचारलंच. दहावी आली म्हणून आईबाबांनी तिचा खो-खो बंद केला होता, त्यामुळं उत्तर तिलाही हवंच होतं.

"जातं की पोरी! कंपनीचं टेन्शन लई झालं, म्हणून डॉक्टरनं बॅडमिंटन खेळायला सांगितलं. आता कंपनी आठवतच नाय."

"आठवंल कशी?" शेजारचे काका हसले. "परवा साहेबाकडून हरला, तवापासून धड जेवला नाय. ड्यूटीवर येतो तो दम खायला!"

"गप रे फकिरा. कामात लक्ष तर लागतं ना?"

"व्हय, दिवसभर साहेबाच्या स्मॅश मारणाऱ्या मनगटाकडं!"

घरी पोचताच केतकीनं दप्तर टाकलं.

"आई, बाबा, उद्यापासून मी खो-खोला जाणार. दहावीचं टेन्शन लई झालं. आता थोडं हरायचं घेते!"