श्रावणातलं अंडं

माह्या घरी श्रावणात कांदासुद्धा शिजत नाही, हे आधी ध्यानात ठेवा.

राळेगावच्या शाळेत मी दहावीले विज्ञान शिकवतो. पंधरा ऑगस्टसाठी रहीमचाचा शाळेच्या भिंतीले चुना मारून राह्यले होते. म्हटलं, उष्मादायी अभिक्रिया, म्हणजे जिच्यातून उष्णता बाहेर पडते ती, पोराईले डोयानं दाखवून देऊ. चाचानं ड्रममधल्या कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं, तसा तो खदखदाले लागला. चाचानं त्यात आपला डब्बा सोडला. डब्ब्यात पाणी अन् एक अंडं.

अंडं बाहेर काढल्यावर पोरं म्हणे, "सर, बिना आगीचं शिजते काय? आतून कच्चंच असन."

आता विज्ञानाच्या इज्जतीचा प्रश्न होता. मी सोललं, मीठ लावलं अन् खाल्लं.

आठ दिवसांनी घरी चाचणीचे पेपर तपासून राह्यलो होतो. बायको मार्कांची बेरीज करू लागत होती. एका पेपरवर तिचा हात थांबला. तिनं मोठ्यानं वाचलं, "कळीच्या चुन्यात पाणी टाकल्यास कॅल्शियम हायड्रॉक्साइड, उष्णता व उकडलेले अंडे तयार होते. अंडे सरांनी मीठ लावून खाल्ले."

"हे बरोबर हाये का चूक?" तिनं विचारलं.

"साफ चूक. शून्य टाक."

तिनं दुसरा पेपर उचलला. मंग तिसरा. मंग पूर्ण गठ्ठा चाळला.

"चाळीस लेकरं चुकले," ती शांतपणे म्हणे, "अन् सगळ्याईच्या चुकीत मीठ सारखंच कसं?"